नळाचं पाणी जड आहे का? घरीच पाहा

जडपणा पाहायला मी टीडीएस मीटरवर विसंबत नाही. तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो, नुसत्या मिठानेही त्याचा आकडा चढतो. जडपणा येतो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे.

झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. डिटर्जंट मात्र नको, तो जड पाण्यातही फेसाळतो. नळाच्या पाण्याला फेस कमी आला आणि ते दुधाळ दिसलं, तर पाणी जड. नेमका आकडा हवा तर जडपणाची चाचणीपट्टी आणा: लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मृदू, १८० च्या वर फारच जड. पट्टी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्हीदा वापरा. पाण्याचा स्रोत बदलला की आकडाही बदलतो.



जड पाणी प्यायला सहसा घातक नसतं. मला खरी काळजी वाटते जंतूंची, कारण ते ना दिसतात, ना चवीला लागतात. त्यासाठी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेतच द्या, आणि अहवाल येईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्या.