गो-कार्टच्या छोट्या इंजिनासाठी व्हॉल्व्ह स्प्रिंग, कॅम आणि रॉकर कसे निवडावेत

विदर्भातल्या गावांत गो-कार्ट बनवायची म्हटली की इंजिन बहुतेक वेळा शेतीच्या अवजारावरूनच उतरते. पॉवर वीडर किंवा पाण्याच्या पंपावरचे १९६ सीसीचे चार स्ट्रोक इंजिन, म्हणजे होंडा जीएक्स २०० किंवा त्याच मापाचे चिनी. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. कार्बोरेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर बदलून झाले की पाळी येते हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाची, आणि लेथवाला मिस्त्री सांगतो, "दमदार स्प्रिंग टाकून द्या ना जी." कॅमचा उंचवटा (लोब) टॅपेट आणि पुशरॉड नावाच्या सळईमार्फत रॉकर ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. स्प्रिंग बदलावी लागते हे खरे, पण ती शेवटी ठरते. आधी दुसरेच ठरवायचे असते.

आधी आरपीएम ठरवा

हे इंजिन गव्हर्नर या वेग आवरणाऱ्या यंत्रणेमुळे साधारण ३६०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) थांबते. तेवढ्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३० वेळा उघडतो आणि मूळ स्प्रिंग त्याला सहज आवरते. मात्र व्हॉल्व्हला परत खेचायला लागणारे बळ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ३६०० वरून ५४०० वर गेलात तर वेग दीडपट, पण बळ सव्वादोनपट. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि सीटवर आपटून उसळतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. वरच्या वेगात आवाज फाटतो, ठिणगी चुकल्यासारखे वाटते, गाडी पुढे ओढत नाही. पोरं प्लग बदलतात, जेट बदलतात, आणि दोष मात्र स्प्रिंगचा असतो.

गव्हर्नर काढायचा असेल तर व्हॉल्व्हच्या आधी फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉडवर पैसे घाला. मूळ ओतीव फ्लायव्हील जास्त वेगात फुटू शकते आणि त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. बिलेट, म्हणजे सलग धातूच्या ठोकळ्यातून कापलेल्या, फ्लायव्हील आणि रॉडचे बजेट नसेल तर गव्हर्नर राहू द्या आणि हेड नीट करा. व्हॉल्व्ह लॅप करून (पेस्टने सीटवर घासून) सीट घट्ट बसवली, क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बरोबर ठेवला, तरी थकलेल्या इंजिनात चांगला फरक पडतो.

स्प्रिंग मोजून घ्या

मूळ स्प्रिंगचा सीटवरचा दाब साधारण १० ते ११ पौंड. बाजारात १८, २२ आणि २६ पौंडांच्या मिळतात. मूळ कॅम आणि साडेपाच-सहा हजारांपर्यंतचा वेग असेल तर १८ पौंड पुरे. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम किंवा त्याहून वेग असेल तरच २२. मोठा कॅम, मोठे व्हॉल्व्ह आणि शर्यत असेल तर २६. फ्लोट थांबवेल एवढीच स्प्रिंग घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचा लोब आणि टॅपेट खाते, पुशरॉड वाकवते. या इंजिनात ऑइल पंप नसतो. रॉडच्या टोकाचा चमचा तेल उडवतो, तेवढ्यावरच कॅमचे भागते.

पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. ड्रिल मशिनखाली वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा आणि चकमध्ये धरलेल्या सपाट तुकड्याने दाबा. हेडमध्ये स्प्रिंग जेवढ्या उंचीला बसते तेवढी उंची व्हर्नियरने मोजून, त्या उंचीला काट्यावर किती किलो येतात ते वाचा. १८ पौंड म्हणजे सव्वाआठ किलोच्या आसपास. इनलेट आणि एक्झॉस्टच्या स्प्रिंगांत फरक दिसला तर दुकानातच बदलून घ्या. मग ती व्हाइसमध्ये पूर्ण आवळून गच्च उंचीही मोजा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकायला किमान एक मिमी शिल्लक हवा.

कॅम की रॉकर?

मूळ रॉकर जवळपास १:१ असतो, म्हणजे पुशरॉड जेवढी वर येते तेवढाच व्हॉल्व्ह उघडतो. ६ मिमी लिफ्ट धरली तर १.२ च्या रॉकरने ती ७.२ होते, तीही क्रँककेस न उघडता. कॅममुळे लिफ्टबरोबर व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळही वाढतो, म्हणून ताकद वरच्या आरपीएमला सरकते. गावाकडच्या मैदानात, ढेकळाच्या वळणांवर खालची ओढ लागते. तिथे मला रॉकर बरा वाटतो.

कॅम असो वा रॉकर, लिफ्ट वाढवली की पिस्टनवर पोरांच्या खेळण्यातल्या क्लेची पातळ चकती ठेवा, हेड बसवा, टॅपेटची फट (क्लिअरन्स) सेट करा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढून क्ले कापून पाहा. सर्वात पातळ जागी (ही व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट) एक मिमीपेक्षा कमी उरत असेल तर ते भाग वापरू नका. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करने शाई लावून रॉकरचा घासाही बघा. तो मधोमध यायला हवा. कडेला आला तर पुशरॉडची लांबी चुकली आहे. २२ पौंडांपासून पुढे क्रोममोली (मजबूत मिश्र पोलाद) पुशरॉडच घ्या.

बसवणी

हेड न काढता स्प्रिंग बदलायची तर व्हॉल्व्ह आत पडू शकतो. प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉन दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा आणि पिस्टन हळू वर आणा. दोरी व्हॉल्व्हला खालून धरते. मूळ इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टोकावर छोटी टोपी असते, ती हरवू नका.

टॅपेटची फट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) लावा: जीएक्स २०० साठी इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२०. बाजारी कॅम असेल तर त्याच्या कागदावरचा आकडा धरा. एक्झॉस्ट विनाकारण आवळलेला लागला तर कॅमवरचा डीकॉम्प्रेशन दात (सुरू करताना एक्झॉस्ट किंचित उघडा धरणारा) अडत असेल, क्रँक थोडा पुढे न्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा एक्झॉस्ट घट्ट ठेवायची चूक नकोच. फिन्समध्ये काळ्या मातीची धूळ बसली असेल तर आधी ती काढा.

नवा कॅम असेल तर लोबवर मॉली ग्रीस लावा आणि सुरू केल्यावर पहिली १५-२० मिनिटे २००० आरपीएमच्या वर ठेवा, कारण मंद आयडलला तेल वर उडत नाही. मग तेल बदला, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि क्लिअरन्स पुन्हा मोजा. एकच बाजू बरीच सैल झाली असेल तर नट आवळून मोकळे होऊ नका. आधी ती पुशरॉड काढून काचेवर लोळवून पाहा, मग रॉकरचा स्टड आणि त्या बाजूचा लोब तपासा.