टॅबवरचा ठिपका हलेना तेव्हा

आम्ही इंदूरचे, पावसाळा ओसरला की दादा आणि मी जीप काढून चोरल, जानापावकडच्या कच्च्या वाटांवर जातो. मागच्या खेपेला मोठा स्क्रीन बरा म्हणून नवा टॅब डॅशबोर्डवर लावला आणि चोरलच्या पुढे रेंज गेली तसा नकाशा कोरा, निळा ठिपका जागच्या जागी! दादा म्हणतो, "अगं, गाडी चाललीय ना आपली?"

घरी येऊन शोधलं तर कळलं की नुसत्या वायफायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चिपच नसते, ते आसपासच्या वायफायवरून जागा ओळखतात, आणि जंगलात कुठलं आलंय वायफाय. मग ब्लूटूथचा जीपीएस रिसीव्हर घेतला, टॅबच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये मॉक लोकेशनसाठी (म्हणजे टॅबला जागा बाहेरून पुरवायला) त्याचं अ‍ॅप निवडलं आणि ठिपका चालायला लागला. जीपीएसला नेट लागत नाही, फक्त उपग्रहाकडून त्याची माहिती पूर्ण यायलाच साधारण ३० सेकंद जातात, म्हणून निघताना मोकळ्या आभाळाखाली जरा थांबायचं.

अ‍ॅप नकाशासाठी दोन लावून पाहिले, ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड, दोन्हीत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचाच, २००४ पासून लोकांनी मिळून बनवलेला. पहिलं हलकं आणि सोपं आहे, पण मी ऑसमअँड ठेवलं, त्यात काय दाखवायचं काय लपवायचं ते मनासारखं ठरवता येतं, कॉन्टूर म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा लावल्या की चढ आधीच कळतो. आलो तो ट्रॅक रेकॉर्ड करून ठेवते, फाटा चुकला तर त्याच रेषेवरून मागे फिरायचं. मध्य प्रदेशचा नकाशा घरीच उतरवून एअरप्लेन मोडवर आधी राजवाड्यापर्यंत चक्कर मारून बघितली, मगच जानापावला गेलो. टॅब उन्हात फार तापतो, आता एसीच्या झरोक्यासमोर लावलाय.