लाटा आणि मंद वारा, दोन्हींसाठी एकच विंडसर्फिंग बोर्ड घेताय? या चुका टाळा

एप्रिलातली दुपार. सकाळचा मतलई वारा केव्हाच पडलेला असतो आणि जेवणं उरकेपर्यंत वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. गोव्यात दोना पावलाला असो की आपल्या कोकण किनाऱ्यावर, हा वारा बहुतेक दिवस आठ-दहा नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), चांगला दिवस असला तर बारा-चौदाचा. अशा वाऱ्यात कुणी हौसेने घेतलेला 82 लिटरचा वेव्ह बोर्ड, म्हणजे लाटांसाठीचा छोटा बोर्ड, घेऊन कमरेएवढ्या पाण्यात ताटकळत उभा दिसला की मला मनापासून वाईट वाटतं. त्या बोर्डात खोट काहीच नसते. तो वीस नॉटच्या वाऱ्यासाठी बनलेला असतो, आणि तो वारा तिथे नसतो.

म्हणून पहिली चूक लिटरची, म्हणजे बोर्डच्या आकारमानाची. दुकानात विचारण्याआधी घरीच बेरीज करा. तुमचं वजन 75 किलो, बोर्ड साधारण 8, शीड, मास्ट (शिडाची डोलकाठी) आणि बूम (हातात धरायचा आडवा दांडा) मिळून आणखी 8-9, ओले कपडे आणि हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) 2-3. झाले 95 किलो. एक लिटर आकारमान ढोबळमानाने एक किलो तोलतं. खारं पाणी थोडं जड असल्याने दोन-अडीच किलोंची सूट मिळते, एवढंच. म्हणजे 95 लिटरचा बोर्ड तुम्हाला जेमतेम तरंगत ठेवील आणि 82 चा पायाखाली बुडेल. जोराच्या वाऱ्यात तो चालतो, कारण वेग आला की बोर्ड पाण्यावर उचलला जातो आणि लिटरचा प्रश्न मागे पडतो.

इथे एक गोष्ट सुरक्षिततेची आहे, ती नीट वाचा. वाऱ्याने शीड उचलून आपल्याला पाण्यातून वर काढणं, म्हणजे वॉटरस्टार्ट, मंद वाऱ्यात जमत नाही. शिडात तेवढी ओढच नसते. मग बोर्डवर उभं राहून दोरीने शीड वर ओढणं हाच परतीचा मार्ग उरतो, आणि बुडणाऱ्या बोर्डवर उभं राहता येत नाही. मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ ओहोटी लागलेली असताना असं अडकणं मला कुणाच्याही वाट्याला यायला नको आहे. मंद वाऱ्यासाठी तुमच्या वजनात 40 मिळवा: 75 किलोला 115 लिटर.

आता दुसरी चूक, आणि ही अनुभवी मंडळीही करतात: लिटर जुळले की आकार न बघता घेणं. 115 लिटरचा फ्रीराइड (सपाट पाण्यावर पळायचा बोर्ड) आणि 115 लिटरचा फ्रीस्टाइल-वेव्ह (सपाट पाणी आणि लाटा दोन्हींसाठीचा) हे दोन वेगळे प्राणी आहेत. फ्रीराइडचा तळ लांबवर सपाट असतो, शेपटी रुंद असते. सपाट पाण्यावर तो झकास पळतो, पण लाटेच्या उतारावर नाक खुपसतो आणि वळायला मागत नाही. बोर्ड उलटा ठेवून तळावर सरळ पट्टी धरून पाहा. पुढच्या बाजूला पट्टी आणि तळ यांच्यात फट जितकी लवकर सुरू होते, तितका बोर्ड लाटेवर सहज वळतो आणि मंद वाऱ्यात तितकाच उशिरा पळतो, म्हणजे पाण्यावर उचलला जातो. फ्रीस्टाइल-वेव्हच्या तळाचा हा बाक मधला असतो, म्हणून दोन्ही हवं असणाऱ्याला मी तोच सुचवीन.

पण तुमच्याकडे बहुतेक दिवस दहा नॉटच्या आतलेच असतील तर? तेवढ्या वाऱ्यात हा बोर्डही पळत नाही, नुसता सरकतो. आणि सरकण्यात लांबी जिंकते. अशा ठिकाणी मास्ट बसवायची सोय असलेला, साडेआठ-नऊ फुटी, 120 ते 150 लिटरचा लाटांचा सप बोर्ड (उभं राहून वल्हवायचा, स्टँड-अप पॅडल) घ्या. तो लाट लवकर पकडतो, आणि एकदा पकडली की ढकलायचं काम लाटच करते. उणीव एकच: मध्यभागी फिन (तळाखालचं पातं) किंवा डॅगरबोर्ड (बोर्डमधून पाण्यात खाली सोडायची फळी) नसेल तर वाऱ्याविरुद्ध चढता येत नाही. हवा भरायचे बोर्ड खाडीत ठीक आहेत. लाटेत ते मास्टच्या बुंध्याशी वाकतात.

बोर्ड आहे, पण त्रास देतोय? आधी फिन बदलून पाहा. तीन फिनचा संच लाटेवर उत्तम, मात्र मंद वाऱ्यात तो पाण्याला धरून ठेवतो. बाजूचे दोन काढा, खाचा बुजवा, मधे 28-30 सेंटिमीटरचा एकच लावा. वाऱ्याविरुद्ध चढण्यातला फरक पहिल्याच फेरीत कळेल. कातळाजवळ ओहोटीला एवढा लांब फिन मात्र नको. लाट उतरताना नाक खुपसत असेल तर मास्टचा पाय, म्हणजे मास्ट बोर्डला जोडणारा सांधा, थोडा मागे घ्या. फिनची खाच कोणत्या प्रकारची आहे, पॉवर बॉक्स की यूएस बॉक्स, हे बोर्ड घेण्याआधीच विचारा, कारण जादा फिन आपल्याकडे सहज मिळत नाहीत.

जुना बोर्ड घेताना तो तराजूवर ठेवाच. मूळ वजनापेक्षा किलो-दीड किलो जास्त भरला तर आत पाणी शिरलंय. टाचा टेकतात तिथे अंगठ्याने दाबून पाहा, मास्टच्या खाचेभोवती केसासारख्या चिरा शोधा.

वजन 60 किलोच्या आसपास असेल तर वरचे सगळे लिटर 15 ने खाली आणा.