हाडांचं सूप: सांधे किती, पाणी किती, आच किती

गाळलेलं सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी भांडं हलवून बघा. आतलं सूप जेलीसारखं थरथरलं तर हाडांतून जे काढायचं होतं ते निघालं. पाण्यासारखं डुचमळलं तर त्याला चव असेल, पण जिलेटिन फारसं उतरलेलं नाही. हाडांच्या टोकांशी, सांध्यांच्या कूर्चेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरांत आणि कातडीत कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते गरम पाण्यात तासन्‌तास राहिलं की त्याचा पीळ सुटतो आणि पाण्यात विरघळणारं जिलेटिन तयार होतं. पुढची सगळी कृती त्यासाठीच आहे.

बहुतेकांची पहिली चूक हाडं निवडतानाच होते. सूप म्हटलं की नुसत्या नळ्या आणल्या जातात. पण नळीतला मगज म्हणजे मुख्यतः चरबी. त्याने चव भरीव होते, सूप गोठत नाही. गोठवतात ते पाय, गुडघ्याचे सांधे, मानेची हाडं, कोंबडीचे पंजे आणि पंख. दीड किलो हाडं घेणार असाल तर ७०० ग्रॅम पाय आणि सांधे, ४०० ग्रॅम नळ्या आणि ४०० ग्रॅम थोडं मांस चिकटलेली हाडं असा हिशोब ठेवा. मांस अजिबात नसेल तर सूप चिकट होतं, पण चवीला पोकळ लागतं. कोंबडीचं करायचं असेल तर सांगाड्यांबरोबर सहा-आठ पंजे टाका. नखं कापून आणि वरची पिवळी साल काढून घ्या. मोठी हाडं दुकानातच फोडून घ्या, घरी सुरीने फोडायला जाऊ नका.

हाडं थंड पाण्यात बुडवून मोठ्या आचेवर ठेवा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं राहू द्या. राखाडी, मळकट फेस वर येईल. ती रक्तातली आणि मांसातली साकळलेली प्रथिनं. हे पाणी सरळ ओतून द्या, हाडं नळाखाली चोळून धुवा आणि भांडंही घासून घ्या. पाणी ओतताना सत्त्व वाया जातंय असं वाटतं, पण दहा मिनिटांत जिलेटिन नाममात्रच सुटतं. ही पायरी गाळली तर सूप गढूळ होतं आणि त्याला उग्र वास राहतो.

गडद रंग आणि भाजकी चव हवी असेल तर धुतलेली हाडं पुसून कोरडी करा आणि २०० अंश सेल्सिअसला ३० ते ४० मिनिटं ओव्हनमध्ये भाजा. मध्ये एकदा उलटा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत थोडी थोडी परता. तपकिरी झाली की थांबा, कारण काळा पडलेला एक तुकडाही अख्ख्या भांड्याला कडू करतो.

आता पाणी. दीड किलो हाडांना तीन लिटर, म्हणजे हाडांच्या वर तीन-चार सेंटिमीटर. पाणी थंडच घ्या आणि हळूहळू तापवा. दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातला तरी चालतो.

सगळ्यात जास्त सूप बिघडतं ते आचेमुळे. कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल इतकीच आच हवी, म्हणजे ८५ ते ९५ अंश. खदखदून उकळलं की वितळलेली चरबी बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळते आणि सूप दुधाळ, तेलकट होतं. पांढरं दाट सूपच हवं असेल तर मुद्दाम जोरात उकळतात, ती वेगळी पद्धत. पारदर्शक हवं असेल तर झाकण तिरकं ठेवा आणि ढवळू नका. पाणी हाडांच्या खाली गेलं तर कडकडीत गरम पाणी घाला.

वेळ जनावरावर ठरते. कोंबडीला ५ ते ८ तास, बकरीच्या हाडांना ८ ते १२, मोठ्या जनावराच्या हाडांना १२ ते १८. चोवीस तासांच्या पुढे नेऊन फायदा नाही. फार वेळ उष्णतेत राहिलं की जिलेटिनच्याच साखळ्या तुटतात आणि सूप पुन्हा पातळ होतं. आच चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका.

प्रेशर कुकरमध्ये हेच काम कोंबडीचं सव्वा तासात आणि बकरीचं अडीच तासांत होतं. कुकर मुळात जन्मलाच हाडांसाठी. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जे बंद भांडं मांडलं, ते हाडं मऊ करण्याचं यंत्र होतं. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि शेवटी वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून दाब एकदम सोडला तर आतलं सूप उसळून उकळतं आणि गढूळ होतं.

कांदा, गाजर, सेलरी शेवटच्या तासा-दीड तासात घाला, मिरे आणि तमालपत्र शेवटच्या अर्ध्या तासात. भाज्या पहिल्यापासून शिजल्या तर विरघळून कडवटपणा आणतात. कोबी, फ्लॉवर घालूच नका. मीठ गाळल्यावर, लिटरला एक लहान चमचा. आधी घातलं आणि सूप आटलं तर खारटपणा काढता येत नाही.

गाळणीवर ओलं करून पिळलेलं सुती कापड पसरा आणि हाडं न दाबता गाळा. साधारण पावणेदोन ते दोन लिटर मिळेल. गोठलं नाही तर फेकू नका. बहुधा पाणी जास्त झालेलं असतं, तेव्हा उघड्या भांड्यात आटवा.

गार करण्यात आळस करू नका, पोट बिघडवणारी चूक इथेच होते. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि कोमट, प्रथिनयुक्त सूपात भराभर वाढतात. दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांच्या खाली ते यायला हवं. उथळ भांड्यांत विभागून बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, मग फ्रिजमध्ये. तिथे तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतं. वर साकळलेली चरबी वापरायच्या वेळी काढा, आणि पिण्याआधी दर वेळी नीट उकळा.

आता फायद्यांचं. हाडांचं सूप प्यायल्याने भरपूर कॅल्शियम मिळतं हा समज चुकीचा आहे. हाडातलं कॅल्शियम खनिजात घट्ट बांधलेलं असतं. आंबट घातल्याने थोडं जास्त सुटतं, तरी एका वाटीतून रोजच्या गरजेच्या पाच टक्केही मिळत नाही. हाडांसाठी दूध सोडून सूप घेणं तोट्याचं आहे.

खरं मिळतं ते प्रथिन: दाट सूपाच्या २५० मिलिलिटरमध्ये साधारण ६ ते १० ग्रॅम. त्यात ग्लायसिन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, भरपूर असतात, पण ट्रिप्टोफॅन हे शरीराला आवश्यक असलेलं अमिनो आम्ल त्यात जवळजवळ नसतंच. म्हणून ते एकट्याने पुरं पडत नाही. पॅरिसमध्ये माजाँदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या समितीने कुत्र्यांना नुसतं जिलेटिन खाऊ घालून पाहिलं आणि १८४१ मध्ये सांगितलं, की ते मांसाची जागा घेऊ शकत नाही. सूपातलं कोलॅजेन थेट गुडघ्यात जाऊन बसतं असंही नाही. पचनात त्याचे अमिनो आम्लं आणि लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) असे तुकडे होतात. सांधेदुखीवरचे कोलॅजेनचे अभ्यास बहुतेक मोजून दिलेल्या भुकटीवर झालेत, त्यांचे आकडे सूपाला लावू नयेत. आजारपणात, भूक मेलेली असताना गरम पाणी, मीठ आणि थोडं प्रथिन एकत्र पोटात जातं, हा फायदा मात्र साधा आणि खरा आहे.

युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर जपून, कारण मांसातले प्युरिन, म्हणजे ज्यांपासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते घटक, सूपात उतरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. रक्तदाब असेल तर बिनमिठाचं करा. जनावराच्या हाडांत शिसंही साठतं. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये तपासलेल्या कोंबडीच्या सूपात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त शिसं सापडलं, तरी लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आतच. अधूनमधून वाटीभर पिणाऱ्याने घाबरू नये, लहान मुलांना आणि गर्भवतींना मात्र रोज भरपूर देऊ नये.

पायांचे आणि सांध्यांचे तुकडे अजून आकार धरून असतील तर निम्म्या पाण्यात दुसऱ्यांदा शिजवा. ते पातळ सूप पुढच्या खेपेला पाण्याऐवजी वापरा. उरलेली हाडं कुत्र्याला घालू नका. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिपा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.