जळजळीवरचं गुलाबी औषध घेताना
मिसळ चापल्यावर रात्री छातीत जळजळ सुरू झाली की हात आपोआप कपाटातल्या अँटासिडच्या, म्हणजे पोटातलं आम्ल शमवणाऱ्या औषधाच्या, गुलाबी बाटलीकडे जातो. जाऊ द्या, पण आधी बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं आणि वरचं पाणीच तेवढं पोटात जातं. थेट तोंडाला न लावता झाकणाने मोजून घ्या. रिकाम्या पोटी घेतलं तर आराम फार वेळ टिकत नाही, जेवणानंतर तासाभराने घेतलं तर जास्त टिकतो.

खरी गफलत होते ती इतर गोळ्यांसोबत. अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम लोहाच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्या अंगी लागू देत नाही, म्हणून किमान २ तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीला ४ तास. फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर, म्हणजे मीठच खाल्ल्यासारखं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच अँटासिड नको.

२ आठवडे रोज लागतंय, घास गिळताना अडकतोय किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय? मग तपासून घ्या. आणि जळजळीसोबत दरदरून घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा.