एक कीबोर्ड, एक माऊस, एक मॉनिटर आणि कंप्युटर दोन-तीन: कसं जमवायचं

आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसात डोकावून बघा, अक्कलकोट रोड एमआयडीसी असू दे नाहीतर पूर्व भागातली घरामागची शेड, टेबलावर एक कंप्युटर टॅलीचा, एक जकार्डच्या डिझाईनचा, कोपऱ्यात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, आणि प्रत्येकाला वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस, मग चहाचा कप ठेवायला जागा नाही. घरी वेगळी गत नाही, हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन जुळे सोलापुरात बसलेली पोरं किती आहेत, त्यांचा स्वतःचा पीसी पण त्याच टेबलावर.

पैसे घालायच्या आधी एकच गोष्ट ठरवा. दोन्ही कंप्युटर एकाच वेळी डोळ्यासमोर पाहिजेत का एका वेळी एक बघितला तरी चालतंय? एक चालत असेल तर केव्हीएम स्विच घ्या, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस तिन्ही एका डबीतनं फिरवायचं. दोन्ही एकदम दिसायला पाहिजेत आणि मॉनिटर पण दोन आहेत, तर डबी घेऊच नका, फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम होतंय. हे न ठरवता ऑर्डर टाकली की डबी ड्रॉवरमध्ये पडून राहते.

आधी डबीचं. तिला एका बाजूला मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस लागतात, दुसऱ्या बाजूनं प्रत्येक कंप्युटरकडं दोन केबल जातात, एक चित्राची आणि एक यूएसबीची, बटण दाबलं की सगळं पहिल्याकडनं दुसऱ्याकडं. घेताना आधी कंप्युटरच्या मागं वाकून बघा कुठला पोर्ट आहे. एचडीएमआय असेल तर प्रश्न नाही. डिझाईनवाला जुना असेल आणि त्याला फक्त व्हीजीए (जुना, बाजूला दोन स्क्रूवाला चित्राचा पोर्ट) असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो आणि इथं लोक हमखास फसतात, कारण कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतो. तुम्हाला व्हीजीए टू एचडीएमआय पाहिजे, दुकानात समोर पडलेला असतो एचडीएमआय टू व्हीजीए, दिसायला भावासारखा, पण उलटा लावून चालत नाही. लॅपटॉपला नुसता टाईप-सी असेल तर त्यातनं चित्र बाहेर येतंय का ते आधी तपासा, सगळ्या टाईप-सी मधनं येत नाही. मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर कुठलीही डबी चालते, फोर-के असेल तर मात्र एचडीएमआय २.० लिहिलेलीच घ्या, १.४ वाली फोर-के दाखवते पण ३० हर्ट्झवर, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माऊस ओढल्यासारखा चालतो आणि दिवसभर बसलं की डोळे शिणतात.

जोडताना सगळं बंद करून जोडा, मग आधी मॉनिटर, मग डबी, मग एकेक कंप्युटर चालू करा. कीबोर्ड आणि माऊसचे सॉकेट डबीवर बहुतेक वेगळे दाखवलेले असतात, त्यातच लावा, कारण कीबोर्डवरनं स्विच करायची सोय त्याच सॉकेटवर असते, शेजारच्या साध्या यूएसबीत लावला की टायपिंग होतंय पण शॉर्टकट चालत नाही. उलट वायरलेसचा रिसिव्हर किंवा लायटींगवाला गेमिंग कीबोर्ड त्या खास सॉकेटमध्ये नखरे करत असेल तर साध्या यूएसबीत टाका आणि बटणावर समाधान माना.

शॉर्टकट बऱ्याच डब्यांत स्क्रोल लॉक दोनदा, काहींत कंट्रोल दोनदा. टॅलीवर बसणाऱ्यानं कंट्रोलवाला ठेवू नये असं माझं स्पष्ट मत, एंट्री सेव्ह करायला कंट्रोल ए मारून मारून ज्याचा हात बसलाय त्याचं व्हाउचर अर्ध्यात असताना स्क्रीन दुसरीकडं उडते. बऱ्याच डब्यांत ही की बदलता येते, कागद फेकू नका.

आणि हे तर गाठ मारून ठेवा, डिझाईन सॉफ्टवेअरचं लायसन्स डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती पेनड्राईव्हसारखी यूएसबी), प्रिंटर, पेनड्राईव्ह यातलं काही डबीच्या यूएसबीत लावायचं नाही. स्विच केलं की कंप्युटरच्या दृष्टीनं ते उपटून काढलं, डोंगल गेला की सॉफ्टवेअर बंद, आणि पेनड्राईव्हवर कॉपी चालू असेल तर फाईल गेली. ते थेट त्या त्या कंप्युटरलाच राहू द्या.

स्विच करून परत आलं की आयकॉन कोपऱ्यात गोळा झालेत, खिडक्या लहान झाल्यात, हे दिसलं तर कंप्युटर बिघडला नाही. मॉनिटर आपली माहिती कंप्युटरला सांगत असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात, स्वस्त डबी स्विच करताना ती तोडते आणि कंप्युटरला वाटतं मॉनिटरच गेला. ईडीआयडी इम्युलेशन लिहिलेली डबी दोन पैसे जास्त घेते पण ही कटकट कमी करते. कंपनीचा लॅपटॉप झाकण बंद करून वापरत असाल तर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काही करू नको असं ठेवा, नाहीतर स्लीपला जातो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना बंद झाकणाचा लॅपटॉप तापतोय, तेव्हा उघडाच ठेवा की.

अर्थिंगचं कोण सांगत नाही म्हणून सांगतो. पीसीच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. केव्हीएम लावला की सगळ्या कंप्युटरचे डबे केबलनं एकमेकांना जोडले गेले, मग एकाचा त्रास दुसऱ्याच्या पोर्टला पोचतो आणि एचडीएमआय पोर्ट उडू शकतो. सगळं एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावरनं घ्या, मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, मग डबी. डबीचा अडॅप्टर आणि मॉनिटर पण यूपीएसवर पाहिजेत, लाईट गेल्यावर कंप्युटर चालू आणि स्क्रीन काळी, मग सेव्ह कसं करणार?

आता सॉफ्टवेअर. दोन्ही विंडोज १० किंवा ११ असतील तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज टाका, त्यात माऊस विदाऊट बॉर्डर्स आहे, आधी ते वेगळं मिळायचं, २०२३ पासून यात आलं. दोन्ही कंप्युटर एकाच नेटवर्कवर ठेवा, एकावर सिक्युरिटी की, म्हणजे पासवर्डसारखा कोड, तयार करा, ती की आणि पहिल्या कंप्युटरचं नाव दुसऱ्यावर टाकून कनेक्ट करा, मग कोण डावीकडं कोण उजवीकडं ते ओढून लावा. माऊस एका स्क्रीनच्या कडेवरनं पुढं नेला की दुसऱ्या कंप्युटरवर जातो, कीबोर्ड त्याच्या मागं. चार कंप्युटरपर्यंत चालतं, इथं कॉपी केलेलं तिकडं पेस्ट होतं, फाईल पण जाते, पण १०० एमबीच्या आतली. एकीकडं लिनक्स असेल तर हेच काम करणारं इनपुट लीप किंवा डेस्कफ्लो बघा, जोडणी झाली नाही तर फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरनं येणारं अडवणारी सेटिंग) २४८०० नंबरचा पोर्ट उघडा, बहुतेक वेळा अडतं तिथंच. दोन्ही मॅक असतील तर युनिव्हर्सल कंट्रोल आतच आहे, मॅकओएस १२.३ पासून.

याची मर्यादा अशी की विंडोज चालू झाल्याशिवाय काही नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची कंप्युटरची मूळ सेटिंग) जायचं तर खरा कीबोर्ड लागतोच, म्हणून जुना एक कपाटात ठेवा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही टाकायची परवानगी बहुतेक नसते, आयटीवाल्यांशी वाद घालू नका, तिथं डबीच बरी.

मॉनिटर एकच आणि बजेट कमी, तर अजून एक जुगाड आहे, फक्त कीबोर्ड-माऊस फिरवणारा छोटा यूएसबी स्विच घ्या आणि दोन्ही कंप्युटर मॉनिटरच्याच दोन वेगळ्या इनपुटला लावा. दोन बटणं दाबावी लागतात, पण चित्र थेट जातं, ईडीआयडीची भानगड बहुतेक होत नाही.

राहिला डीव्हीआर. त्याच्यासाठी डबीचा तिसरा पोर्ट अडवू नका, त्याला राऊटरची केबल लावा आणि टॅलीच्याच कंप्युटरवर ब्राऊझरमध्ये किंवा त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरे बघा, फक्त आधी त्याचा मूळचा पासवर्ड बदलून घ्या.