हिवाळ्यात ‘ड’ जीवनसत्त्व कसं भरून काढावं: पुडीचा हिशोब आणि उन्हाची वेळ

थंडी पडली की कंबर आणि नडग्या ठणकतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, मांडी घालून बसलेल्याला उठताना हात टेकावा लागतो. घरात सगळे म्हणतात, गारठा बाधला. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून पाहा. तिथे दुखत असेल आणि अशक्तपणा मुख्यतः मांड्या-खांद्यांत असेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाची शंका घ्यायला जागा आहे. बोटांचे सांधे सकाळी आखडत, सुजत असतील तर ते दुखणं वेगळं. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, मेडिकलमधून पुड्या आणत बसू नका.

चाचणी. ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ हेच नाव लिहून घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ नावाची दुसरी, महागडी चाचणी असते, ती मूत्रपिंडाने तयार केलेलं ‘ड’चं कामाचं रूप मोजते. ती कमतरतेतही नॉर्मल येऊ शकते, कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक मूत्रपिंडाकडून ते रूप जास्त बनवून घेतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटाच जास्त दिसतो. रिपोर्टमध्ये एकक पाहा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर २० च्या खाली कमतरता. परदेशातल्या रिपोर्टात नॅनोमोल प्रति लिटर असतं, त्याला अडीचने भागा. तिकडचे ५० म्हणजे इकडचे २०. २० ते ३० मधल्या आकड्याला लाल रंग दिसला म्हणून घाबरू नका. आणि ठणठणीत माणसाने हौस म्हणून ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

पुडी. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी, कॅप्सूल किंवा छोटी बाटली मिळते. मोठ्या माणसासाठी नेहमीचा कोर्स आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. आठवड्यातून एकच, रोज नाही. इतर गोळ्या रोजच्या असतात, त्याच पिशवीत ही जाते आणि आजी-आजोबा रोज एक फोडून घेतात. एका पुडीत दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व असतं, म्हणजे रोजच्या ६०० युनिटच्या गरजेच्या शंभरपट. ‘ड’ चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. महिनाभर रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं: सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, मग बरळणं आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. तेव्हा वार ठरवा, कॅलेंडरवर आठ रविवार आधीच गोल करून ठेवा, आणि पुड्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका.

घ्यायची ती दुपारच्या जेवणानंतर, आणि जेवणात तेल-तूप असलं पाहिजे. सकाळी अनशापोटी कोऱ्या चहाबरोबर घेतलेली पुडी नीट शोषली जात नाही. साय असलेलं कपभर दूधही चालेल.

आठ आठवडे झाले की पुडी तशीच चालू ठेवू नका. पुढे डॉक्टर बहुधा महिन्याला एक पुडी किंवा रोज १,००० ते २,००० युनिट सांगतात. हिशोब जवळपास सारखाच, महिन्याला ६०,००० म्हणजे दिवसाला २,०००. यात कॅल्शियमच्या गोळीतलं ‘ड’ही धरा, तिच्यात बहुतेकदा २५० किंवा ५०० युनिट असतात. त्या गोळीवर ‘कॅल्सिट्रिऑल’ लिहिलं असेल तर ते साठा भरणारं ‘ड’ नव्हे, मूत्रपिंडाने तयार केलेलं कामाचं रूप आहे. ते घेऊन तुमचा रिपोर्टातला आकडा वाढणार नाही, कॅल्शियम मात्र चढू शकतं.

‘एकच इंजेक्शन घ्या, वर्षभर बघायला नको’ हा सल्ला ऐकू नका. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडावाटे देऊन पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं होतं.

मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत वगैरे बारीक गाठी होण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी फोडूच नये. तान्ह्या बाळाला पुडी कधीही नाही. त्याला रोज ४०० युनिटचे थेंब, आणि बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचायचं: एका कंपनीच्या एका मिलिलिटरमध्ये ४००, दुसरीच्या ८००.

ऊन. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण सल्ला सगळ्यांना पाठ आहे: सकाळचं कोवळं ऊन घ्या. हिवाळ्यात सात-आठच्या उन्हात बसायला छानच वाटतं. अंग शेकतं, बाळाला तेल लावायला बरं. पण ‘ड’साठी ते ऊन जवळपास फुकट आहे.

त्वचेत ‘ड’ तयार होतं ते अतिनील ‘ब’ किरणांमुळे. सूर्य खाली असला की किरण तिरपे येतात, त्यांना ओझोनच्या थरातून जास्त अंतर कापावं लागतं, आणि हेच किरण वाटेत शोषले जातात. उष्णता पोचते, उजेड पोचतो, हवे ते किरण पोचत नाहीत. ऊन ऊबदार आहे की बोचरं, यावरून काहीच कळत नाही. सावलीवरून कळतं. सपाट जमिनीवर उभे राहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. लांब असेल तर जसजशी ती लांबत जाईल तसतसा उपयोग घटतो, आणि सावली उंचीच्या दुप्पट झाली की हिशोबातच धरू नका.

डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य डोक्यावर येतच नाही. सर्वांत वर असतो तोही क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, आणि तोही बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर, कारण आपली घड्याळं पूर्वेकडच्या ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत. त्यामुळे सावली आखूड असते ती साधारण साडेअकरा ते दीडपर्यंतच. मुंबईतही जवळपास तीच वेळ. नागपुरात सूर्य सव्वाबाराच्या आसपास सर्वांत वर येतो, पण जेमतेम ४५ अंशांपर्यंत. तिथे त्या दिवसांत सावली उंचीएवढी व्हायलाच मुश्कील. दिल्लीत डिसेंबरात भर दुपारीही ती उंचीपेक्षा लांबच राहते, वर धुरकं. एप्रिलमध्ये मात्र साडेनऊच्या आसपासच सावली आखूड होते. म्हणजे उन्हाळ्यातली उन्हाची वेळ जानेवारीत वापरू नका.

आता बसायचं कसं. हात दंडापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. स्वेटर, मोजे आणि कानटोपी घालून गच्चीवर तासभर बसणारे बरेच असतात, त्यांच्या वाट्याला फक्त ऊब येते. चेहरा झाकला तरी चालतो, त्याचं क्षेत्रफळ ते किती! वांग असेल तर झाकाच. काचेमागे बसू नका. खिडकीची काच ‘ब’ किरण अडवते आणि त्वचा काळवंडणारे ‘अ’ किरण आत सोडते, तेव्हा बंद काचेच्या बाल्कनीतल्या उन्हाने रंग जातो आणि ‘ड’ मिळत नाही. चार इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातही उपयोग कमी, कारण हे किरण निळ्या आकाशातून विखरूनही बरेच येतात. आकाश मोकळं दिसेल अशी जागा हवी, म्हणजे गच्ची किंवा मैदान.

गव्हाळ-सावळ्या त्वचेला डिसेंबर-जानेवारीत एका वेळी अर्धा तास धरा, आठवड्यातून तीन-चारदा. त्वचा जितकी सावळी तितका वेळ जास्त. सत्तरीनंतर त्वचेची ‘ड’ बनवण्याची ताकद बरीच उतरते. अशा माणसाला नुसत्या उन्हावर ठेवू नये. चुरचुरायला लागलं की सावलीत या, त्यापुढे बसून फायदा नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा तयार झालेलं ‘ड’च मोडून टाकते. म्हणूनच उन्हाने ‘ड’ कधी अति होत नाही. नंतर अंघोळ केली तर ‘ड’ धुऊन जातं हे खोटं आहे, ते त्वचेच्या आतल्या थरात तयार होतं. ल्युपस (उन्हाने बळावणारा आजार) असणाऱ्यांनी किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी, त्वचा उन्हाने लवकर भाजू देणारी औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य १५ अंशांवर असतो. तिथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बागेत कितीही बसा, उन्हातून पुरेसं ‘ड’ मिळत नाही. ब्रिटनचा सरकारी सल्ला या महिन्यांत सगळ्यांनी रोज ४०० युनिट घेण्याचा विचार करावा असा आहे, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी वर्षभर. तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत ६०,०००च्या पुड्या कोंबण्यापेक्षा त्याला तिथल्या दुकानातली रोजची छोटी गोळी घ्यायला सांगा.

आहार. बांगडा, तारली, अंड्याचा बलक, पाकिटावर निळं ‘+एफ’ चिन्ह असलेलं दूध किंवा तेल: जरूर घ्या, पण एका बलकात ४० च्या आसपास युनिट असतात, त्यावर कमतरता भरत नाही.

पुन्हा चाचणी. कोर्स सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी, आधी नाही. चाचणीत मोजलं जाणारं ‘२५-हायड्रॉक्सी’ रूप रक्तात निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून नवी पातळी स्थिरावायला वेळ जातो. महिन्याभरातला आकडा फसवा असतो. चाचणी त्याच लॅबमध्ये करा. आठही पुड्या जेवणानंतर घेऊन आकडा हलला नसेल तर पुड्या वाढवू नका. सीलियाकसारखा आतड्याचा आजार, फिटसाठीचं फेनिटॉइन, किंवा वजन कमी करायचं ऑर्लिस्टॅट, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरकही त्याच वेळी पाहायला सांगा.